भाऊजी, तुमचं सुतक

भाऊजी, तुम्ही गेलात हे कळलं तेव्हा मी आधी गॅस बंद केला. वर चहा होता, उकळी यायच्या बेतात. तुमच्या लेकीचा, चित्राचा फोन कानालाच होता, ती पलीकडे रडत होती, आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. रडू नंतर आलं. तेही फार नाही. मला रडता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुमची बायको गेली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, वयनी, तू रडली नाहीस ते बरं केलंस, घरात एक तरी माणूस कामाचं उरलं.

चहा मी मोरीत ओतला. हे, म्हणजे तुमचे दादा, बाहेर पेपर वाचत बसले होते. कप का आला नाही म्हणून त्यांनी मान वर केली. मी सांगितलं, गजाभाऊजी गेले. त्यांनी पेपरची घडी केली, नीट, जाहिरातीची पानं आत घालून, आणि बाजूला ठेवली. मग म्हणाले, "चाय न्हाय केलीस?"

यावरून तुम्ही काय ते समजा. मला मात्र काही समजलं नाही. दिवसभर मी एकाच गोष्टीकडे बघत राहिले, की तुमचे दादा तुमचं सुतक धरतात की नाही.

ते देवळासमोर सगळ्यांच्या देखत काय बोलले होते ते तुम्ही स्वतः ऐकलं आहे. "आजपासून गजा माझा कोन न्हाय. मेला तरी त्याचं सुतक धरनार न्हाय." वरसाव्याच्या आपल्या भावकीत त्यापेक्षा वाईट बोलणं नाही. भांडणं सगळ्यांचीच होतात, बांधावरून, नळावरून, आंब्याच्या एका फांदीवरून. लग्नाला जात नाहीत, तोंड बघत नाहीत. पण सुतक धरतात. देवाला दिवा नाही, घरात गोडधोड नाही, पहिल्या दिवशी चूल नाही. हा माणूस आपल्या घरचा होता, एवढंच दहा दिवस मान्य करायचं असतं. तेवढंही नाही केलं तर मग नातं उरत नाही. ते बोलले तेव्हा तुम्ही चपला घातल्यात आणि घरी गेलात. उलट एक शब्द बोलला नाहीत. त्याचाही मला तेव्हा रागच आला होता.

कारण गावाला माहीत आहे, पण ज्याला त्याला आपल्या सोयीचं. खरं एवढंच, की आमच्या विनायकने डंपर घेतला होता. पाडलेल्या बिल्डिंगांचं राबिट, विटा आणि सिमेंटचे तुकडे, तो खाडीकडेच्या खाजणात नेऊन टाकायचा. तिवरांच्या मुळांवर. तुम्ही जिथे पाग, ते फेकायचं जाळं, टाकायचात तिथेच. एक दिवस वनखात्याच्या माणसांनी गाडी अडवली. गाडीवर बिहारचा ड्रायव्हर होता. मालक कोण ते तो सांगेना, म्हणून त्यालाच बसवून ठेवला. तुम्ही जाळं खांद्यावर टाकून तिथून येत होतात. तुम्हाला विचारलं, गाडी कोणाची. तुम्ही सांगितलंत, आमच्या विनूची.

गाडी जप्त झाली. विनूला चौकीत बसावं लागलं, पुढे केस चालली. तो नाशिकला निघून गेला आणि आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये फ्लॅट घेऊन राहायला आलो. हे म्हणाले, गजाच्या ओट्यासमोरून रोज जायला नको.

यावर तुमचं-माझं भांडण कधी संपलं नाही, आणि आता संपायचंही नाही, म्हणून माझी बाजू एकदा नीट मांडते. तुम्ही म्हणायचात, नाव सांगितलं नसतं तर ड्रायव्हर आत गेला असता, त्याचं कोण होतं इथे. मी म्हणायचे, खरं सांगितलंत त्याबद्दल माझं काही नाही. राबिट टाकणं चूकच होतं. विनूला मी आधीच सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. पण ड्रायव्हर तासभर बसला असता तर मरत नव्हता. तुम्ही आधी आमच्या ओट्यावर यायचं होतं. आम्ही पोराला घेऊन गेलो असतो. बोलणं तेच झालं असतं, पण ते त्याच्या तोंडून झालं असतं. यावर तुम्ही हसून विचारायचात, आला असता दादा? आणि मी गप्प बसायचे. तुम्हाला वाटायचं जिंकलो.

जिंकला नव्हतात. दादा आले नसते हे खरं. मी आले असते. विनूचा कान धरून आणला असता. तेव्हा बोलले नाही, कारण नवऱ्याचं उणं दिराजवळ काढायची मला सवय नाही. पण तुम्ही तरी कधी विचारलंत का, वयनी, तू आली असतीस का? दादा, दादा, दादा. तुम्ही दोघे भाऊ भांडतानासुद्धा एकमेकांकडेच बघत होतात. पोराची आई मध्ये उभी आहे हे दोघांनाही दिसलं नाही.

हे झालं रागाचं. दुसरंही लिहायला हवं.

मी कर्जतकडची, डोंगरातली. लग्न होऊन आले तेव्हा मला खाडीतलं काही कळत नव्हतं. सासूबाईंनी निवट्यांनी भरलेलं टोपलं पुढ्यात ठेवलं आणि साफ कर म्हणाल्या. ते मासे जिवंत, हातातून निसटून अंगणभर उड्या मारायला लागले. मी त्यांच्या मागे धावते आहे आणि हे ओट्यावर बसून हसताहेत. तुम्ही तेव्हा नुकते कामाला लागला होतात. तुम्ही चुलीतली राख आणून टोपल्यावर ओतलीत आणि म्हणालात, राखेत घोळव, मग धर. एवढंच बोलून गेलात. सासूबाईंना सांगितलं नाहीत. मी पहिल्यांदा या घरात कोणाचे उपकार मानले ते तुमचे.

आणि चिंबोऱ्या. बोलणं बंद झालं तरी अमावस्या आली की चिंबोऱ्या यायच्याच. काशीमिऱ्याचा तो रिक्षावाला पिशवी आमच्या दाराच्या कडीला अडकवून जायचा. हे विचारायचे, कुठून आणल्यास. मी म्हणायचे, भाईंदरच्या बाजारातून. बाजारातल्या चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधलेल्या असतात. तुम्ही पाठवलेल्यांच्या केळीच्या सोपटाने. लहानपणापासून दोघे तशाच बांधत आलात, त्यांना काय कळत नव्हतं? सोपट सोडवून ते आधी बाजूला ठेवायचे, मग जेवायला बसायचे. मोठी नांगी फोडून खायचे आणि म्हणायचे, बाजार बरा होता आज.

मी वाट बघत होते. दोघेही म्हातारे झालात, एकाला तरी अक्कल येईल असं वाटायचं. मग ती सिनेमावाली पोरगी आली.

सानिका तिचं नाव. आमच्याच सिल्व्हर पार्कची, मागच्या बिल्डिंगमधली. चार-पाच मित्रमैत्रिणी मिळून पिक्चर काढत होती. त्यात ना कोणी हिरो, ना गाणं. खाडीवर राहणारे दोन भाऊ, एवढीच गोष्ट. धाकटा काहीतरी गुन्हा करतो आणि थोरला त्याला घरात घेत नाही. तिला खरोखर पाग टाकता येणारा म्हातारा हवा होता. मी तिला तुमच्याकडे पाठवलं. मला वाटलं होतं, जाळं टाकताना पाठमोरे उभे करतील आणि सोडून देतील. तिने तुम्हाला थोरला भाऊच केलं.

शूटिंगच्या दिवशी चित्राने मला जेवण करायला बोलावलं होतं. यांनी मला वरसाव्याला जायला कधी अडवलं नाही, स्वतः आले नाहीत एवढंच. पुलाखालच्या बाजूला तुम्ही उभे होतात. धाकटा झालेला मुलगा, कोणी नाटकातला होता, तुमच्यासमोर हात जोडून उभा. तुम्ही एकच वाक्य बोलायचं होतं, तू माझा भाऊ नाहीस. तुम्ही पाग टाकलात, ओढलात, वळलात आणि गप्प. पुन्हा. पुन्हा गप्प. पाणी उतरायला लागलं. सानिका घाबरी झाली. तिला वाटलं तुम्ही विसरताय, म्हणून ती बाजूला बसून हळूच वाक्य सांगायला लागली. तुम्ही जाळं खाली ठेवलंत.

"पोरी, पिक्चरमधी मर म्हन, मरतो. ह्ये न्हाय बोलनार."

ती म्हणाली, काका, खोटं खोटं तर आहे. तुम्ही म्हणालात, खोटं असूं दे. मग तिने तुम्हाला नुसतं पाठ फिरवून चालायला सांगितलं. ते तुम्ही केलंत.

ती पोरं जेवत होती तेव्हा मी तुम्हाला मागच्या दारी गाठलं. म्हटलं, तुमचे दादा देवळासमोर खरंखुरं बोलले आणि तुम्हाला पिक्चरमध्ये खोटंही बोलवत नाही, तर मग जाऊन त्यांना हे सांगा. तुम्ही म्हणालात, तो थोरला हाय, त्याने यावं. मी म्हटलं, थोरला येत नसतो म्हणूनच धाकट्याने जायचं असतं. तुम्ही म्हणालात, वयनी, भात वाढ, पोरं थांबलीत. तुम्हाला दुसऱ्यांच्या पोटाची काळजी नेहमी अशा वेळीच यायची.

पिक्चर भाईंदर पश्चिमेला एका हॉलमध्ये दाखवला. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा. चित्रा आणि मी पुढे बसलो होतो. आणि पडद्यावर कोण? तुम्ही नाहीच. तुमचे दादा. बोलायच्या आधी पंच्याचं टोक तोंडाला लावणं, एक हात मागे कमरेवर, राग आला की माणसाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघणं. सगळं त्यांचं. चित्रा मला कोपर मारून हसत होती. मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग आलं नाही. इतकी वर्षं तोंड न बघता माणूस एवढा पाठ कसा राहतो? बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, दादासारखा दिसलो का? मी म्हटलं, दादापेक्षा बरे दिसलात, त्यांना एवढे केस कुठे आहेत.

गावात कोणीतरी यांच्या कानावर घातलं, गजाने पिक्चरमध्ये तुझी नक्कल केली आणि भावाला तोडला. तेवढंच हे धरून बसले. मी सांगायला गेले की उठून बाल्कनीत जायचे. मी दोनदा-तीनदा प्रयत्न केला. मग म्हटलं, जाऊ दे, सवडीने सांगू. सवड तुम्ही ठेवली नाहीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी आम्ही वरसाव्याला आलो. हे आले, एवढं तरी झालं. पण ओट्यावर चढले नाहीत. रस्त्यापलीकडे हॉटेलवाले आणि बाहेरची माणसं उभी होती, त्यांच्यात उभे राहिले. खांदा दिला नाही. आपल्यात थोरल्याने धाकट्याला अग्नी द्यायचा नसतो, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. चित्राने दिला. पण त्या रीतीने यांची सोय झाली. लांब उभे राहिले ते रीत म्हणून की शब्द पाळायला म्हणून, हे कोणाला कळलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काय सांगणार? परत आल्यावर सगळी भावकी कडुनिंबाचा पाला तोंडात घालून आत शिरली, आणि हे घोडबंदर रोडला जाऊन रिक्षा थांबवत होते. मी चित्राला जवळ घेतलं आणि निघाले. तिला वाईट वाटलं असेल. पण त्या रात्री आमच्या घरात काय होतं ते बघायला मला घरी असणं भाग होतं.

जाताना रिक्षातून विनूला फोन केला. म्हटलं, काका गेला, सुतक धर. तो म्हणाला, बघतो. त्याचं त्याच्यापाशी.

घरी आल्यावर यांनी अंघोळ केली. मसणातून आल्यावर परकाही करतो, त्यात काही नाही. दिवेलागणीला देव्हाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. दिवा रोज तेच लावतात, मला हात लावू देत नाहीत. काडेपेटी घेतली, ठेवली. म्हणाले, गुडघा दुखतोय, तू लाव. मी म्हटलं, माझाही दुखतोय. दिवा तसाच राहिला. पण गुडघ्याच्या नावावर धरलेलं सुतक हे सुतक नव्हे, म्हणून मी अजून बघतच होते.

थोड्या वेळाने म्हणाले, चित्राला जेवण पाठव, पोरीच्या पोटात सकाळपासून काही नसेल.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. जन्मभर सुतकं धरली, पण चुलीपाशी काय चालतं ते पुरुषांनी कधी बघितलेलं नसतं. तुम्हालाही कळलं नसतं, भाऊजी. माणूस गेलेल्या घरी डबा शेजाऱ्यांनी द्यायचा, सोयऱ्यांनी द्यायचा. भावाने नाही, कारण त्या दिवशी भावाचीही चूल बंद असते. आमच्याकडून डबा गेला असता तर चित्राने घेतला असता, आणि ओट्यावरच्या बायकांना लगेच कळलं असतं, थोरल्याची चूल पेटली, थोरल्याने शब्द खरा केला. आणि यांना वाटत होतं आपण पुतणीची माया करतोय.

मी ते सगळं सांगितलं. म्हटलं, "पिठलं-भात आत्ता टाकते. पण तो परक्याचा डबा होईल. तसंच करायचं असेल तर तोंडाने सांगा."

"मी देवलासमोर बोललोय."

"तुम्ही बोललात. भाऊजी नाही बोलले."

ते उठले. मी आधीच बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला ओलांडून जाता येईना, म्हणून उभे राहिले आणि ऐकलं. मी पुलाखालचं सगळं सांगितलं, पाग किती वेळा टाकलात, सानिका काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. तुमचे शब्द तुमच्यासारखेच सांगितले, माझ्या पदरचं काही घातलं नाही. त्यांनी मला मध्ये अडवलं नाही. संपल्यावर माझ्या घरातल्या चपलांकडे बघत राहिले. मग एवढंच विचारलं, माझ्यासारखा दिसत व्हता म्हनं? मी म्हटलं, हुबेहूब, पंचा तोंडाला लावून. पंचा तेव्हा तोंडाशीच होता. तो त्यांनी खाली घेतला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या हंसाबेन. हातात स्टीलचा डबा, वर रुमाल झाकलेला. वॉचमनने त्यांना सांगितलं होतं. मी उठेपर्यंत हे दारापाशी पोचले होते.

"काका, वॉचमन बोला किसी का ऑफ हो गया. घर का था कि दूर का?"

हंसाबेनला आपल्या रीतीचं काय ठाऊक. त्या बिचाऱ्या शेजारधर्म म्हणून विचारत होत्या. पण जे मी सकाळपासून विचारू शकले नव्हते ते त्यांनी दारातून विचारलं. लांबचं कोणी म्हटलं असतं तर डबा घ्यायची गरज नव्हती. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी होते, तिथून मला त्यांची पाठ दिसत होती. एक हात मागे कमरेवर.

तो हात पुढे आला. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"भाई था. मेरा छोटा भाई."

हंसाबेन म्हणाल्या, अरे रे, आपको भाई था? कभी देखा नहीं उनको इधर.

"मैं जाता नहीं था," हे म्हणाले.

भाऊजी, तुम्हाला हे ऐकायला हवं होतं, आणि मराठीत, आणि देवळासमोर. ते झालं नाही. झालं ते फ्लॅटच्या दारात, हिंदीत, एका गुजराती बाईसमोर. गावासमोर ते बोलतील की नाही, मी सांगू शकत नाही. तुमच्याकडून यायचा तो शब्द, भाऊ आहे म्हणण्याचा, तुम्ही धाकटे असून पुलाखाली आधीच दिला होतात. यांना एवढा वेळ लागला. तुम्ही थोडं थांबायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, कारण थांबणं तुमच्या हातात नव्हतं. पण जायचं तुमच्या हातात होतं, आमच्या दारापर्यंत. तेवढं माझं तुमच्याशी भांडण राहिलंच.

मी दोन ताटं घेतली. डब्यात खिचडी होती, कांदा-लसूण नसलेली, मुगाची, आणि मीठ अगदीच बेताचं. मीठ कमी पडलं की ताट बाजूला सारणारा हा माणूस, तुम्ही तर सासूबाईंपासूनचे तमाशे बघितलेत. सवयीने मी मिठाची बरणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हाताने परत माझ्याकडे सरकवली. पहिल्या दिवशी अळणी खायचं असतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.